समजून घ्या : सीएसएमटीचे शिल्पकार स्टीव्हन्स कोण होते, आणि ही गॉथिक इमारत टिकवायची कशी?

सोलापूरहून रात्री सुटलेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला लागते, तेव्हा डब्यातले अर्धे लोक अजून झोपेतच असतात. कुणाला मंत्रालयात काम असतं, कुणाची टाटा हॉस्पिटलची तारीख असते, कुणाचा इंटरव्ह्यू. बॅग खांद्यावर टाकायची आणि गर्दीबरोबर बाहेर पडायचं. आता सकाळी निघून दुपारी पोहोचवणारी वंदे भारतही आहे. पण गाडी कुठलीही असो, ज्या इमारतीत आपण उतरतो तिच्याकडे मान वर करून बघणारा सोलापूरकर विरळाच.

या स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम सध्या सुरू आहे. सुमारे २,४५० कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. त्यामुळे जुन्या दगडी इमारतीचं काय होणार, तिला धक्का लागणार का, असे प्रश्न सोशल मीडियावर वारंवार विचारले जातात. उत्तर शोधायचं तर आधी ही इमारत उभी कशी राहिली ते कळायला हवं, आणि त्यासाठी ती ज्यांनी आखली त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या गावापासून सुरुवात करावी लागते.

बाथ नावाचं दगडी गाव

स्टीव्हन्स यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधल्या बाथ या शहरात झाला. रोमन काळापासून गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. घरं, पूल, चर्च असं जवळपास सगळं गाव तिथल्याच मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेलं. गावाच्या मधोमध उभं आहे बाथ ॲबी हे मोठं चर्च. आज दिसणाऱ्या इमारतीचं काम १४९९ मध्ये बिशप ऑलिव्हर किंग यांनी सुरू करवलं. तिच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिड्या कोरल्या आहेत आणि त्यावरून देवदूत चढताना दाखवले आहेत.

या चर्चचा इतिहास म्हणजे जतनाचा एक धडाच आहे. काम पूर्ण व्हायच्या आतच राजा आठवा हेन्री याने देशभरातले मठ बंद केले. १५३९ मध्ये बाथचा मठही गेला. छपराचं शिसं आणि खिडक्यांच्या काचा विकल्या गेल्या, आणि ही भव्य इमारत अनेक वर्षं बिनछपराची उभी राहिली. पुढे गावकऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी ती हळूहळू सावरली. तरी मुख्य सभागृहावर दगडी छत आलंच नाही.

ते आलं १८६० च्या दशकात. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या त्या काळातल्या नामांकित वास्तुविशारदाने मोठी दुरुस्ती हाती घेतली. चर्चच्या पूर्वेकडच्या भागात पंखा उघडावा तसं पसरलेलं मूळ दगडी छत होतं. त्याच नमुन्यावर त्याने मुख्य सभागृहालाही दगडी छत दिलं.

ही तारीख महत्त्वाची आहे. कारण १८६२ मध्ये, जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे असताना, स्टीव्हन्स बाथचे वास्तुविशारद चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे शिकाऊ म्हणून लागले होते. पाच वर्षं त्यांनी तिथे काढली. हातात पदवी नाही, कॉलेज नाही. नकाशे उतरवायचे, मापं घ्यायची, साइटवर जायचं, एवढंच शिक्षण. त्याच वर्षांत गावातल्या सगळ्यात मोठ्या मध्ययुगीन इमारतीवर नवं छत चढत होतं. पाथरवट दगड घडवत होते. शिकाऊ पोराने ते रोज येता-जाता पाहिलं नसेल असं मानणं मला तरी जड जातं.

गॉथिक म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच ठिकाणी गॉथिक म्हणजे टोकदार कमानी आणि भुतांचे चेहरे असं लिहिलेलं असतं. दिसायला ते खरं आहे, पण गॉथिक हे मुळात इंजिनिअरिंगचं उत्तर आहे.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या चर्च बांधणाऱ्यांपुढे अडचण होती ती अशी. छत दगडाचं हवं, कारण लाकडी छतं जळायची. पण दगडी कमान स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना भिंतींना बाहेर ढकलते. अर्धगोल कमान असेल तर हा धक्का जास्त. म्हणून भिंती जाड कराव्या लागायच्या, खिडक्या बारीक ठेवाव्या लागायच्या आणि आत अंधार व्हायचा. कमान टोकदार केली तर तिचा जोर अधिक खालच्या दिशेने जातो आणि बाहेरचा धक्का कमी होतो. छताचं वजन दगडी फासळ्यांमधून ठरावीक खांबांवर आणता येतं. उरलेला धक्का बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी पुरवण्या झेलतात. मग मधली भिंत मोकळी होते. तिथे रंगीत काचा लावा, हवा तेवढा उजेड आत घ्या.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कमानीवरची गणितं सोडवताना हे कुणी सांगितलं असतं तर तो पेपर मला जरा बरा गेला असता.

आणि चर्चच्या गच्चीवरून तोंड पुढे काढून बसलेले ते चित्रविचित्र प्राणी? ती मुळात पन्हाळी. पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळू न देता लांब फेकायचं, म्हणून पन्हाळीला प्राण्याचं तोंड दिलं. दगडी इमारतीचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी आहे, हे तेव्हाच्या गवंड्यांना चांगलं माहीत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या वर्षी हिंदुस्थानात

१८६७ मध्ये स्टीव्हन्स सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू होऊन भारतात आले. पहिली नेमणूक पुण्यात झाली, मग लवकरच मुंबईत जनरल फुलर यांच्या कार्यालयात.

ती मुंबई घाईत होती. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांसाठी इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला, पण तोवर शहराची हवाच बदलली होती. किल्ल्याच्या तटबंद्या पाडून झालेल्या मोकळ्या जागेवर एकामागून एक सरकारी इमारती उठत होत्या. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे नकाशे कुणी काढले? त्याच गिल्बर्ट स्कॉट यांनी, भारतात एकदाही पाऊल न ठेवता. बाथमध्ये ज्यांचं काम चालू होतं, त्यांचंच काम स्टीव्हन्स यांना मुंबईतही दिसलं.

स्टीव्हन्स यांची स्वतःची पहिली मोठी इमारत म्हणजे रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, खलाशांसाठीचं वसतिगृह. १८७२ ते १८७६ या काळात ती उभी राहिली. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. या कामाने त्यांचं नाव झालं आणि पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, सरकारने त्यांची सेवा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला, म्हणजे जुन्या लोकांच्या जीआयपीला, उसनी दिली.

तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. माझ्या वयाचेच म्हणा ना. (मी सध्या ई-पेपरसाठी फोटो क्रॉप करतो.)

बोरीबंदरचं व्हीटी कसं झालं?

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते ठिकाण हेच. मात्र तेव्हाचं स्थानक साधंसुधं होतं. पुढे रूळ वाढत गेले. १८६० मध्ये पुण्याकडून येणारा मार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण झाल्यावर आपल्या भागाचा मुंबईशी सलग संबंध जुळला. कापूस इथून मुंबई बंदरात जाऊ लागला. आपली जुनी मिलही सुरू झाली ती १८७७ मध्ये, स्टीव्हन्स यांना स्थानकाचं काम मिळालं त्याच वर्षी. म्हणजे बोरीबंदरला मोठं स्थानक हवं होतं त्यामागे सोलापूरसारख्या गावांतून जाणारा मालही होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. जीआयपी ही खासगी इंग्रज कंपनी होती, पण तिच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने घेतली होती. नफा कमी पडला तर तूट भारताच्या महसुलातून भरली जायची. त्यामुळे इंग्रजांनी आपल्याला स्थानक बांधून दिलं असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा पैशाचा हा हिशेबही सांगायला हवा.

काम हाती आल्यावर स्टीव्हन्स दहा महिन्यांच्या रजेवर युरोपात गेले आणि तिथली मोठी स्थानकं पाहून आले. आराखडा तयार झाल्यावर ॲक्सेल हेग या चित्रकाराने त्याचं जलरंगातलं मोठं चित्र केलं आणि ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलं गेलं. आजच्या भाषेत थ्रीडी रेंडर.

प्रत्यक्ष बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. खर्च सोळा लाखांच्या आसपास आला. राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं आणि लोकांच्या तोंडी व्हीटी झालं.

चर्चसारखी दिसणारी कचेरी

समोरून पाहिलं तर मधोमध घुमट, दोन्ही बाजूंना पंख, टोकदार कमानी, मनोरे, रंगीत काचा. एखादं मोठं कॅथेड्रल वाटावं अशी रचना. पण वेदीच्या जागी इथे जिना आहे. घुमटाखाली तीन बाजूंनी वर जाणारा हा दगडी जिना भिंतीतून पुढे काढलेल्या पायऱ्यांवर उभा आहे, त्याला खालून खांब नाहीत. आणि हा भाग मुळात रेल्वे कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधला. आजही मध्य रेल्वेची कार्यालयं इथे आहेत. देवळाच्या गर्भगृहात फाइली असाव्यात तसं काहीसं.

घुमट हा या इमारतीचा सगळ्यात धाडसी भाग. तो अष्टकोनी आहे, दगडी फासळ्यांचा आहे आणि फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा घालून बसवले आहेत. त्यामुळे तो खालून सेंटरिंगचा आधार न देता चढवता आला. बांधकामावर काम केलेल्या कुणालाही विचारा, सेंटरिंगशिवाय स्लॅब म्हटलं तरी तो हसेल. इथे दगडी घुमट होता.

घुमटाच्या टोकावर प्रगतीचं प्रतीक असलेली स्त्रीची मूर्ती आहे, एका हातात मशाल आणि एका हातात चाक. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. या मोठ्या शिल्पांचं काम टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचं.

पण इमारतीवरची बाकीची असंख्य पानं, फुलं, मोर, माकडं कोरली ती सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक कारागिरांनी. विद्यार्थ्यांवर देखरेख होती जॉन ग्रिफिथ्स यांची. हे तेच ग्रिफिथ्स, ज्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जे. जे.च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसून रेषा गिरवणाऱ्यांची शाळा आणि व्हीटीच्या कमानीवर मोर कोरणाऱ्यांची शाळा एकच होती. युरोपातल्या चर्चवर मोर आणि माकडं का नाहीत आणि इथे का आहेत, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

बांधकामावर सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीला होते एम. जनार्दन. स्टीव्हन्स यांच्याबरोबर ही दोन नावं फार क्वचित घेतली जातात. दर्शनी भागावर रेल्वेशी संबंधित मान्यवरांचे अर्धपुतळे आहेत, त्यात नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. दहा वर्षं उन्हापावसात काम करून घेणाऱ्या वैद्य-जनार्दन यांच्यासाठीही एखादी पाटी लावायला जागा कमी पडू नये.

गॉथिक जशीच्या तशी मुंबईत चालणार नव्हती. युरोपातल्या चर्चला ऊन आत हवं असतं, इथे ते बाहेर ठेवायचं असतं. म्हणून स्टीव्हन्स यांनी खोल्यांच्या पुढे कमानींचे खोल व्हरांडे दिले. ऊन भिंतीवर थेट पडत नाही आणि जोराचा पाऊस खोलीपर्यंत येत नाही. भिंतींसाठी मुंबईच्या परिसरातला कठीण दगड वापरला आणि नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड. छिन्नीला तो सहज वश होतो. मात्र जो दगड छिन्नीला वश होतो, तो समुद्राच्या खाऱ्या हवेलाही लवकर वश होतो.

महापालिका, चर्चगेट आणि शेवट

१८८४ मध्ये स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. व्हीटीच्या समोरच मुंबई महापालिकेचं मुख्यालय बांधायचं होतं. त्यासाठी आधी रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाच्या आराखड्याची निवड झाली होती, पण शेवटी काम स्टीव्हन्स यांच्याकडे आलं. १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली, मनोरा २५५ फूट उंच. मंजूर रक्कम होती ११ लाख ८८ हजार ८२ रुपये, खर्च झाला ११ लाख १९ हजार ९६९. महापालिकेचं काम अंदाजपत्रकापेक्षा कमी पैशात झालं, हे वाक्य टाइप करताना मी आकडे दोनदा तपासले.

त्यानंतर चर्चगेटसमोर बीबीसीआय रेल्वेचं मुख्यालय आलं, आज तिथे पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे. ते १८९९ मध्ये पूर्ण झालं. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं एकाच माणसाच्या हातची आहेत. लोकलने रोज फिरणाऱ्या मुंबईकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल, देव जाणे.

मार्च १९०० मध्ये मलेरियाने मुंबईतच स्टीव्हन्स यांचं निधन झालं. वय बावन्न. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं. मुलगा चार्ल्स याने वडिलांचा व्यवसाय पुढे चालवला. कुलाब्याचा १९३३ चा रीगल सिनेमा चार्ल्सच्याच आराखड्याचा. वडिलांनी टोकदार कमानी दिल्या, मुलाने आर्ट डेको. फोर्ट ते मरीन ड्राइव्हमधल्या या दोन्ही शैलींच्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने एकत्रितपणे जागतिक वारसा म्हटलं.

टिकवायचं म्हणजे काय करायचं?

ज्या १८७७ मध्ये स्टीव्हन्स यांना व्हीटीचं काम मिळालं, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या जतनावरून मोठा वाद पेटला. विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली, ती थेट गिल्बर्ट स्कॉट यांच्यासारख्यांच्या दुरुस्त्यांवर चिडून. मॉरिस यांचं म्हणणं साधं होतं. जुनी इमारत मूळ कशी असावी याची कल्पना करून ती नव्याने घडवू नका. आहे ते सांभाळा, गळती थांबवा, वेळच्या वेळी डागडुजी करा. बाथच्या चर्चला स्कॉटने दिलेलं छत सुंदर आहे की खोटं आहे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

हा वाद संपलेला नाही. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा कोसळलेला उंच कळस मध्ययुगीन नव्हता, तो एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक यांनी बसवला होता. तरीही तो होता तसाच पुन्हा उभारण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं. ओकच्या लाकडांचं छप्पर जळून गेलं, पण खालचं गॉथिक दगडी छत बहुतांशी टिकलं, म्हणून आतला बराचसा भाग वाचला. बाराव्या शतकातल्या गवंड्यांनी ज्या भीतीने दगडी छत केलं, ती भीती आठशे वर्षांनी खरी ठरली आणि उपायही खरा ठरला.

व्हीटीचा धोका आगीपेक्षा रोजच्या वापराचा आहे. १९६९ मध्ये घुमटावरच्या मूर्तीवर वीज पडली आणि तिची दुरुस्ती करावी लागली. पण विजेपेक्षा जास्त नुकसान करतात त्या साध्या गोष्टी. तुंबलेली पन्हाळ. भिंतीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, ज्याची मुळं दगड सरकवतात. केबलसाठी भोकं, एसीसाठी कापलेल्या खिडक्या, मध्येच घातलेले प्लायवूडचे पार्टिशन. आणि सिमेंट.

सिमेंटचं जरा समजावून सांगतो, कारण हे सोलापुरातही रोज घडतं. जुन्या दगडी भिंतीचे सांधे, गवंड्यांच्या भाषेत दर्जा, चुन्याने भरलेले असतात. चुना मऊ असतो आणि तो श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. कालांतराने चुना झिजतो, पुन्हा भरावा लागतो, पण दगड शाबूत राहतो. त्याऐवजी दर्जा सिमेंटने भरल्या तर ओलीला तिथून वाट मिळत नाही. ती दगडातून बाहेर पडू लागते. पाण्यात विरघळलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाजवळ साठतात, फुगतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणजे झिजायचा होता स्वस्त चुना, झिजतो तो कोरीव दगड. समुद्राकाठी क्षार जास्त, म्हणून व्हीटीसारख्या इमारतीला हा धोका दुप्पट.

आमच्या जुन्या घराची चुन्याची भिंत वडिलांनी पंधराएक वर्षांपूर्वी सिमेंटने लिंपून घेतली. दोन पावसाळ्यांत गिलावा फुगला. मिस्त्री म्हणाला पाणी खराब आहे, आम्ही त्यावर आणखी एक थर दिला. कारण मला कळलं ते या लेखासाठी वाचताना.

व्हीटीला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि ही इमारत पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे परवानगीशिवाय तिच्या रूपात बदल करता येत नाही. १९९६ मध्ये स्थानकाचं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात महाराज हा शब्द जोडला गेला. २ जुलै २००४ रोजी युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. या यादीत येण्याचा अर्थ अनेकांना वाटतो तसा निधी मिळणं हा नाही. इमारत सांभाळण्याची जबाबदारी देशाचीच राहते. फक्त चूक झाली तर ती जगासमोर होते.

सध्याच्या पुनर्विकासात मूळ दगडी इमारत पाडण्याचा प्रश्न नाही. तिच्या आजूबाजूला नंतरच्या काळात आलेली बांधकामं काढणं आणि प्रवाशांसाठी नव्या सोयी करणं, असं कामाचं स्वरूप आहे. तरी लक्ष ठेवायला हवं ते दोन बाबींवर. शेजारी खोल खोदकाम होतं तेव्हा जुन्या पायाभोवतीचं पाणी आणि माती हलते. आणि नव्या छपरांचं पावसाचं पाणी कुठे सोडलं जातं, हा प्रश्न आराखड्याच्या सुंदर चित्रांत दिसत नाही. पहिल्या मुसळधार पावसात मात्र दिसतो.

सोलापूरचा याच्याशी संबंध?

आपल्याकडे मध्ययुगीन गॉथिक नाही, हेमाडपंती आहे, भुईकोट किल्ला आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अप्पासाहेब वारद यांनी बांधलेली इंद्रभुवन ही इमारत आपल्याकडे आहे, आणि तिथे आपल्या महापालिकेचा कारभार चालत आला आहे. खांब, कमानी, नक्षी यांनी भरलेली ही वास्तू गेल्या काही वर्षांत दुरुस्त झाली. दाखला काढायला, कर भरायला आपण तिथे जातो आणि व्हीटीसारखंच वर न बघता परत येतो. मिलच्या इमारतींच्या बाबतीत तर वेळच निघून गेली. तिथे आता मिलची नावं पत्त्यापुरती उरली आहेत.

वापरात असलेली जुनी इमारत सांभाळणं हे बंद संग्रहालय सांभाळण्यापेक्षा अवघड असतं. तिथे रोज माणसं येतात, त्यांना पंखे, पाणी, लिफ्ट, शौचालय हवं असतं आणि ते हवंच. व्हीटीत तर लाखो माणसं येतात. ती बंद करून दुरुस्त करता येत नाही. गाड्या चालू ठेवूनच दगडाची डागडुजी करावी लागते.

पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात आणि हातात अर्धा तास असेल तर एक करा. आपल्या गाड्या बहुतेक वेळा नंतर वाढवलेल्या मेन लाइनच्या फलाटांवर लागतात, त्यामुळे तिथूनच बाहेर पडलं तर जुनी इमारत दिसतच नाही. लोकलच्या फलाटांकडे चालत या. तिथल्या जुन्या तिकीटघराच्या छताकडे बघा, निळ्या रंगावर सोनेरी तारे आहेत. मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ दिसतील, वर कमानींवर जे. जे.च्या पोरांची नक्षी, आणि त्याच्याही वर मशाल घेतलेली ती बाई. इमारतीत वारसा दालनही आहे, पण ते सकाळी उघडं नसतं, दुपारी चौकशी करून जा.

आणि पावसाळ्यात गेलात तर भिंतीवर ओलीचे डाग कुठे आहेत तेही बघून ठेवा.